कच्चे मडके

आमचे घर नामदेव शिंप्यांचे. कीर्तनात गोरोबाकाका थापटणे घेऊन संतांच्या डोक्यावर मारू लागले, की आजी मान खाली घाली. पुढचे तिला ठाऊक असे. सारे संत पक्के ठरत आणि आमचा नामदेव तेवढा कच्चा! ही परीक्षा सुचविली मुक्ताईने. तीच मुक्ताई १२९७ साली आमच्या जळगाव जिल्ह्यात, तापीकाठच्या मेहूणला अंतर्धान पावली, असे मानतात. तिच्यावर रागावणे शक्य नव्हते, म्हणून मी गोरोबांवर रागावलो.

गोरोबा धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे. परंपरेप्रमाणे जन्म १२६७ चा, समाधी १३१७ ची. ज्ञानेश्वरांहून वडील, म्हणून सगळ्यांचे काका. चिखल तुडविताना विठ्ठलनामात असे रंगले, की रांगते मूल पायाखाली आले तरी कळले नाही. आक्रोश करणाऱ्या बायकोवर ते धावून गेले, तेव्हा संतीने अंगाला हात लावू नये म्हणून विठ्ठलाची शपथ घातली. सासऱ्याने धाकटी रामी देऊन दोघींना सारखे वागवायला सांगितले. गोरोबांनी रामीलाही हात लावला नाही! (या रामीचे दुःख कोणी कीर्तनकार सांगत नाही.) पुढे झोपेत शपथ मोडली म्हणून त्यांनी स्वतःचे हात तोडले. ते हात परत आले आणि मूलही मिळाले, ते पंढरपुरी, नामदेवांच्याच कीर्तनात. म्हणजे कच्च्या मडक्याचे एवढे सामर्थ्य!

गेल्या उन्हाळ्यात धुळ्याला मामांकडे गेलो असता शेजारच्या कुंभारदादांना माझी तक्रार सांगितली. ते हसले. भाजलेले मडके बोटाच्या पेराने वाजवून पाहतात. खणखणले तर पक्के, बद्द वाजले तर कच्चे किंवा तडकलेले. थापटणे असते ते ओल्या मडक्यासाठी. चाकावरून उतरलेले मडके जाड असते. ते जरा सुकले, की एका हाताने आतून दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून थापटण्याने ठोकत पोट वाढवायचे. आतला हात चुकला तर मडके फाटते. भट्टीतून निघालेल्या मडक्याला मात्र आकार देता येत नाही. ठोकले तर खापऱ्या होतात.

मग गोरोबांचे थापटणे ज्याच्या कामी आले असा त्या मेळ्यात एकटा नामदेवच होता. तो रुसला खरा, पण औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेला आणि शिष्य झाला.

घरी येऊन हे आजीला सांगितले. तिने आतला हात कोणाचा, एवढेच विचारले. मी विसोबांचे नाव घेतले.