विश्लेषण : शेवटच्या लॅपमध्ये हरणाऱ्या कुट्सने ऑलिम्पिक सुवर्ण कसे जिंकले?

पाच किंवा दहा हजार मीटरची शर्यत टीव्हीवर पाहताना अनेकांना प्रश्न पडतो. सगळे धावपटू एवढा वेळ घोळक्याने का धावतात? सर्वांत तंदुरुस्त धावपटू सुरुवातीलाच पुढे का निघून जात नाही? सोव्हिएत संघाच्या व्लादिमिर कुट्सने १९५०च्या दशकात नेमके हेच केले. त्यापायी तो हरला आणि त्याच जोरावर दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकला.

आघाडीवर धावणे महाग का पडते?

पुढच्या धावपटूला हवा कापत जावे लागते. त्याच्या आडोशाने धावणाऱ्याची काही ऊर्जा वाचते. शिवाय वेग किती ठेवायचा, हा निर्णयही पुढच्यालाच घ्यावा लागतो. मागच्याला फक्त त्याच्या पाठीवर नजर ठेवायची असते. त्यामुळे शेवटच्या लॅपमध्ये जोरदार मुसंडी मारू शकणारा धावपटू मागे राहणेच पसंत करतो. कुट्सकडे अशी मुसंडी नव्हती.

कोण होता कुट्स?

त्याचा जन्म ७ फेब्रुवारी १९२७ रोजी युक्रेनमधील एका खेड्यात झाला. किशोरवय दुसऱ्या महायुद्धात गेले. पुढे तो नौदलात, बाल्टिक ताफ्यात दाखल झाला आणि तिथे धावू लागला. जगाला त्याची ओळख पटली ती १९५४ मध्ये, बर्न येथील युरोपीय स्पर्धेत. पाच हजार मीटरच्या शर्यतीत तो सुरुवातीपासूनच सुसाट सुटला. एमिल झाटोपेक आणि ब्रिटनचा ख्रिस चॅटवे यांना वाटले, हा लवकरच दमेल. दोघे एकमेकांकडे लक्ष ठेवून धावत राहिले. कुट्स दमला नाही. त्याने १३ मिनिटे ५६.६ सेकंदांचा विश्वविक्रम केला.

मग तो हरला कसा?

चॅटवे त्या शर्यतीतून धडा शिकला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या व्हाइट सिटी मैदानावर तो कुट्सच्या मागे अक्षरशः चिकटून राहिला. कुट्सने वेग वाढवला की तोही वाढवायचा. अखेरच्या काही मीटरमध्ये त्याने कुट्सला मागे टाकले. फरक अवघा ०.१ सेकंदाचा! कुट्सनेही आपला जुना विक्रम मोडला होता, पण नवा विश्वविक्रम चॅटवेच्या नावावर लागला. दहा दिवसांनी प्रागमध्ये कुट्सने तो परत मिळवला.

जून १९५६ मध्ये नॉर्वेतील बर्गन येथे पुन्हा तेच घडले. या वेळी ब्रिटनचा गॉर्डन पिरी मागे राहिला आणि शेवटी पुढे गेला. पिरीने १३ मिनिटे ३६.८ सेकंदांचा विश्वविक्रम केला. ऑलिम्पिक पाच महिन्यांवर होते आणि कुट्सला कसे हरवायचे, हे आता सर्वांना कळले होते.

वेग सतत बदलण्याचा फायदा काय?

वाहतूक कोंडीत थांबत-पळत जाणारी गाडी जास्त पेट्रोल खाते, तसेच शरीराचे आहे. अचानक वेग वाढवला की स्नायूंना पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही आणि थकवा झपाट्याने साचतो. ही किंमत दोघांनाही मोजावी लागते. मात्र झटका कधी सुरू होणार आणि कधी थांबणार, हे फक्त पुढच्याला ठाऊक असते. मागच्यावर त्या अनिश्चिततेचेही दडपण येते. कुट्स आणि त्याचे प्रशिक्षक ग्रिगोरी निकिफोरोव यांनी मेलबर्नसाठी याच झटक्यांवर भर दिला.

मेलबर्नमध्ये काय घडले?

२३ नोव्हेंबर १९५६. दहा हजार मीटर म्हणजे २५ लॅप. कुट्सने पहिलाच लॅप सुमारे ६१ सेकंदांत पूर्ण केला. संपूर्ण शर्यतीची त्याची सरासरी नंतर लॅपमागे ६९ सेकंद भरली, यावरून त्या सुरुवातीची कल्पना यावी. त्यानंतर तो वेग वाढवायचा, कमी करायचा, पुन्हा वाढवायचा. पिरी प्रत्येक वेळी त्याला गाठत होता. मैदानावर दोघांचीच शर्यत उरली.

पण कुट्सही संपत आला होता, हे त्याने नंतर कबूल केले. सुमारे पाच लॅप उरले असताना तो बाजूला सरकला, वेग कमी केला आणि पिरीला पुढे जाऊ दिले. त्यामुळे त्याला पिरीची अवस्था पाहता आली. पिरी पूर्ण थकला होता. कुट्सने उरलेली सगळी ताकद एका झटक्यात ओतली आणि पिरी कोसळला. कुट्सने २८ मिनिटे ४५.६ सेकंदांत सुवर्ण जिंकले. पिरी एक मिनिटाहून अधिक मागे, आठवा आला. त्याने आणखी एखादा झटका सोसला असता तर निकाल कदाचित उलटा लागला असता.

पाच दिवसांनी पाच हजार मीटरमध्येही कुट्स आघाडीवर राहिला. या वेळी पिरीला रौप्य मिळाले, पण अंतर ११ सेकंदांचे होते.

पुढे काय झाले?

१९५७ मध्ये रोम येथे कुट्सने पाच हजार मीटरचा १३ मिनिटे ३५ सेकंदांचा विश्वविक्रम केला. तो सात वर्षांहून अधिक काळ टिकला. मात्र कुट्सचे शरीर तेवढे टिकले नाही. तब्येतीच्या तक्रारींमुळे १९५९ मध्ये तो निवृत्त झाला आणि प्रशिक्षक बनला. १६ ऑगस्ट १९७५ रोजी, वयाच्या अवघ्या ४८व्या वर्षी त्याचे निधन झाले.

आज याचे महत्त्व काय?

आता विक्रमांसाठीच्या शर्यतींत वेग राखून देणारे पेसमेकर असतात, ट्रॅकच्या कडेला वेग दाखवणारे दिवेही धावतात. ऑलिम्पिकच्या शर्यतीत मात्र यातले काहीच नसते. तिथे आजही प्रत्येकाला आपली दमछाक लपवून समोरच्याची ओळखावी लागते. म्हणूनच पुढच्या वेळी एखादा धावपटू मध्येच वेग वाढवताना दिसला, तर त्याच्यापेक्षा त्याच्या मागच्याचा चेहरा पाहा. शर्यत कुठे चालली आहे, ते तिथे आधी कळेल.