रामेश्वरभट्टांचा आक्षेप

श्रीतुकोबारायांचे चरित्र वारकऱ्यांना मी काय नव्याने सांगावे! देहूचे मोरे घराणे, जातीने कुणबी, धंदा वाण्याचा, घरात पिढीजात पंढरीची वारी. शके 1551-52 (इ. स. 1629-30) च्या दुष्काळात दुकान बसले, पहिली पत्नी उपासमारीने गेली. पुढे भंडाऱ्याचा डोंगर आणि अभंगवाणी. हे सर्वांस मुखोद्गत आहे.

वाघोलीचे रामेश्वरभट्ट मोठे व्युत्पन्न. शूद्राने श्रुतीचा अर्थ प्राकृतात सांगू नये, हा त्यांचा आक्षेप. अमुक अभंगातला अमुक अर्थ चुकला, असे काही त्यांनी दाखविल्याचे परंपरा सांगत नाही. बोलणारा कोण, एवढ्यावरच निकाल! त्यांच्या सांगण्यावरून वह्या इंद्रायणीत गेल्या आणि तुकोबाराय 13 दिवस अन्नपाण्यावाचून देवाच्या दारी पडून राहिले.

याला म्हणावे काय? लोक सर्रास वितंडवाद म्हणतात. शास्त्र शिकलेल्याला ते खटकते. न्यायसूत्रांत तत्त्व जाणण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि आपला पक्ष न मांडता नुसते दुसऱ्याचे खोडणे ती वितंडा. वितंडा वाईट खरी, पण तीही मुद्द्याशीच झगडते. हरण्याची निग्रहस्थाने 22 मोजली आहेत. प्रतिपक्षी हलक्या कुळातला असणे हे त्यांत कुठेच नाही. भट्टजी म्हणतील, मी अधिकाराचे बोलतो, तर्काचे नव्हे. ठीक आहे. पण अधिकार नाही म्हणून बोललेले खोटे कसे ठरते?

छल या शब्दाचीही गंमत पाहा. शास्त्रात छल म्हणजे शब्दाचा भलताच अर्थ घेणे. नवकंबल म्हणजे नवी घोंगडी, तर हा म्हणणार, नऊ घोंगड्या कुठे आहेत दाखव! मराठीत तोच शब्द छळ होऊन आला. मंबाजी गोसाव्याने काटेरी फांद्यांनी मारले तो छळच. तिथे शब्दही उरला नव्हता, हातात नुसत्या फांद्या.

आता आपली बाजूही पाहू. तुकोबारायांची जीभ काही मवाळ नव्हती. दांभिकांना त्यांनी असे झोडपले आहे की काही चरण सभेत म्हणताना मी आजही कचरतो. पण तिथे माळ-टिळा लावून पोट भरणे हे आचरणच वादाचा विषय आहे. आम्ही काय करतो? तरुणपणी वाद लागला की मी तेच चरण काढून समोरच्या बुवांवर फेकीत असे. टाळ्या पडत. माझा मुद्दा कच्चा असे, तेव्हाच हे विशेष घडे, हे मला फार उशिरा उमगले.

असो. भट्टजींच्या अंगाचा दाह तुकोबारायांच्या निरोपाने शमला, असे परंपरा सांगते. पुढे ते शिष्य झाले. शके 1571 (इ. स. 1650) फाल्गुन वद्य 2 ला तुकोबाराय वैकुंठास गेले. त्यांची आरती आपण अजून रोज म्हणतो. तिच्या अखेरीस कर्त्याचे नाव येते, ते या रामेश्वरभट्टांचे.