सूडाला नकार देणारा संपादक

पहिल्या महायुद्धाच्या थोडे आधीची गोष्ट. फ्रेंच अमलाखालील अल्जिअर्स शहरात एका खुन्याचा जाहीर शिरच्छेद होणार होता. एका शेतकरी कुटुंबाची मुलाबाळांसह हत्या करणाऱ्या या नराधमाला ही शिक्षाही कमीच, असे मानणारा एक कामगार पहाटे उठून मुद्दाम ते पाहायला गेला. परतला तेव्हा त्याचा चेहरा विदीर्ण झाला होता. एक शब्दही न बोलता तो खाटेवर पडला आणि त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. त्या कामगाराचे नाव लुसियाँ कामू. 'द आउटसायडर' आणि 'द प्लेग' या कादंबऱ्यांमुळे जगभर पोहोचलेले फ्रेंच लेखक आल्बेर कामू यांचे ते वडील.

आल्बेर यांचा जन्म ७ नोव्हेंबर १९१३चा. ते वर्षाचेही झाले नव्हते, तोच मार्नच्या लढाईत जखमी होऊन वडील दगावले. निरक्षर आणि जवळजवळ बहिऱ्या आईने धुणीभांडी करून दोन मुलांना वाढवले. वडिलांची म्हणून जी मोजकी आठवण घरात उरली होती, त्यात शिरच्छेदाची ही हकिगत होती. ती कामू यांना जन्मभर पुरली.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी फ्रान्स व्यापला, तेव्हा कामू 'कोंबा' या भूमिगत वृत्तपत्राचे संपादक झाले. १९४४च्या जूनमध्ये त्यांचे मित्र, कवी रने लेनो यांना जर्मनांनी गोळ्या घातल्या. ऑगस्टमध्ये पॅरिस मुक्त झाले आणि शत्रूशी हातमिळवणी केलेल्यांचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. ज्येष्ठ कादंबरीकार फ्रान्स्वा मोरियाक यांनी 'ल फिगारो'तून क्षमेचा आग्रह धरला. कामू यांनी त्यांना अग्रलेखांतून कठोर उत्तर दिले. मेलेल्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार जिवंतांना नाही, अशी त्यांची भूमिका होती. देहदंडालाही त्यांची हरकत नव्हती.

कसोटीची वेळ लगेचच आली. ज्यूद्वेष्ट्या साप्ताहिकाचा संपादक रोबेर ब्राझियाक याला मृत्युदंड ठोठावण्यात आला. त्याच्यासाठी दयेच्या अर्जावर सही करण्याची विनंती कामू यांना करण्यात आली. या माणसाबद्दल त्यांना तिरस्काराखेरीज काही वाटत नव्हते. पण रात्रभर विचार करून त्यांनी सही केली. जनरल द गॉल यांनी अर्ज फेटाळला आणि ६ फेब्रुवारी १९४५ रोजी ब्राझियाकला गोळ्या घालण्यात आल्या. पुढे, १९४८मध्ये, त्या वादात मोरियाक यांचेच बरोबर होते, अशी जाहीर कबुली कामू यांनी दिली. संपादकाने आपली चूक अशी चारचौघांत मान्य करणे तेव्हाही दुर्मिळच होते.

दरम्यान हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. विज्ञानाच्या या विजयाने बहुतेक वृत्तपत्रे भारावली असताना, ८ ऑगस्ट १९४५च्या 'कोंबा'त कामू यांनी त्याचा निषेध केला. १९४६च्या लेखमालेत त्यांनी बळी आणि जल्लाद या दोन्ही भूमिका नाकारल्या. १९४९मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'ले ज्युस्त' या नाटकात त्यांनी १९०५च्या रशियातील क्रांतिकारक उभे केले. ग्रँड ड्यूकच्या गाडीत लहान मुले दिसताच त्यांतला एक बॉम्ब न टाकता मागे फिरतो. हिंसा कधी अटळ असेलही, पण ती क्षम्य ठरत नाही आणि बंडालाही मर्यादा असतेच, हा विचार १९५१च्या 'लॉम रेव्होल्ते' या ग्रंथात त्यांनी मांडला. उद्याच्या न्याय्य समाजासाठी आज माणसे मारण्याचे समर्थन त्यांनी नाकारल्याने सार्त्र यांच्याशी असलेली मैत्री १९५२मध्ये तुटली.

सर्वांत कठीण परीक्षा मात्र जन्मभूमीनेच घेतली. अल्जेरियात १९५४पासून स्वातंत्र्ययुद्ध पेटले होते. एका बाजूला बंडखोरांचे हल्ले, दुसऱ्या बाजूला फ्रेंच लष्कराचा छळ. १९३९मध्ये काबिलिया भागातील उपासमार वृत्तपत्रातून वेशीवर टांगणाऱ्या कामू यांना अरबांवरील अन्याय ठाऊक होता. पण पूर्ण स्वातंत्र्य त्यांना मान्य होत नव्हते, ही त्यांची मर्यादा. २२ जानेवारी १९५६ रोजी ते अल्जिअर्समध्ये सभेत बोलले. लढाई थांबत नसेल तर निदान निःशस्त्र नागरिकांना दोघांनीही वगळावे, एवढीच त्यांची मागणी होती. सभागृहाबाहेर त्यांच्याच समाजातील जमाव त्यांच्या मरणाच्या घोषणा देत होता. आवाहन विफल ठरले. त्यानंतर त्यांनी या प्रश्नावर जाहीर बोलणे जवळपास सोडले. पॅरिसमधील डाव्यांनी या मौनाला पळपुटेपणा म्हटले. मृत्युदंड झालेल्या अल्जेरियन बंदिवानांसाठी ते सरकारकडे खासगीत रदबदली करत राहिले.

१९५७मध्ये गिलोटिनवरील त्यांचा प्रदीर्घ निबंध आला. त्याची सुरुवात वडिलांच्या त्या पहाटेपासूनच होते. शिक्षेने जरब बसते असे मानणारे सरकार ती तुरुंगाच्या भिंतीआड लपून का देते, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. त्याच वर्षी वयाच्या ४४व्या वर्षी त्यांना नोबेल मिळाले. ४ जानेवारी १९६० रोजी मोटार अपघातात त्यांचा अंत झाला.

फ्रान्सने मृत्युदंड रद्द केला तो १९८१मध्ये, कामू गेल्यानंतर २१ वर्षांनी. दयेची खरी परीक्षा निरपराधांच्या बाबतीत होत नाही. ज्याचा आपल्याला मनापासून तिटकारा आहे, त्याच्या अर्जावर सही करताना ती होते. कामू यांनी ती एका रात्रीत दिली आणि पुढची पंधरा वर्षे निभावली.