अंकांच्या सोबतीत : द. रा. कापरेकर

नाशिकजवळ देवळाली नावाचे गाव आहे. तेथे १९३० ते १९६२ या काळात एक शाळामास्तर होते. शाळा सुटली की ते कागद-पेन्सिल घेऊन बसत आणि अंकांशी खेळत. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना आई वारली. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद होता आणि ज्योतिष म्हटले की आकडेमोड आलीच! आकड्यांची गोडी मुलाला घरातच लागली. ठाण्यात शाळा शिकून कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते बी.एस्सी. झाले. पुढची पदवी त्यांनी घेतली नाही.

आपण धान्य चाळतो, तशा कापरेकर संख्या चाळत. त्यांची चाळणी म्हणजे एखादा नियम. १८ ही संख्या घ्या. तिच्या अंकांची बेरीज ९. ९ ने १८ ला भागले तर बाकी उरत नाही. अशा संख्यांना त्यांनी हर्षद, म्हणजे खुशी देणाऱ्या संख्या, असे नाव दिले. १९ मात्र चाळणीतून गळते. ४५ ची गंमत वेगळीच. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन तुकडे करून मिळवले की पुन्हा ४५! अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात.

१९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचे नवल सांगितले. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ पासून निघालो तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४ येते. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ हलत नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. नांदेडच्या पिनकोडातील पहिले चार अंक ४३१६ आणि लातूरचे ४१३५. दोन्हींना बरोबर सात लागतात. करून पाहा.

आपल्या देशातील अनेक विद्वानांना हा पोरखेळ वाटला. कापरेकरांनी स्वतःच पुस्तिका छापल्या. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. तरी अंक सुटले नाहीत. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी एका अमेरिकन मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा हे नाव जगभर गेले. १९८६ साली देवळालीतच त्यांचे निधन झाले.

ही चाळणी आज संगणकाला सांगता येते. संख्येला १० ने भागा. बाकी म्हणजे शेवटचा अंक. तो बेरजेत मिळवा. भागाकाराला पुन्हा १० ने भागा. अंक संपले की मूळ संख्येला बेरजेने भागा. बाकी शून्य असेल तर संख्या छापा. एवढ्यासाठी पाच-सहा ओळींचा प्रोग्राम पुरतो. शंभरपर्यंत अशा तेहतीस संख्या पडद्यावर येतात, त्याही पापणी लवण्याच्या आत. कापरेकर मास्तरांनी हेच काम हाताने केले.