कर्मवीर भाऊराव पाटील

इसवी सन १९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाचे एक वसतिगृह स्थापन झाले. त्याच्या उद्घाटनसमारंभास जैन वसतिगृहातील एक धिप्पाड विद्यार्थी उपस्थित होता. तो परत आला तेव्हा, स्नान करून शुद्ध झाल्यावाचून त्याने भोजनगृहात पाऊल टाकू नये, असे त्यास बजावण्यात आले. माणसांच्या भेटीने विटाळ होतो हे त्या मुलास मान्य नव्हते. त्याने स्नान करण्याचे नाकारले आणि त्याबद्दल त्यास वसतिगृह सोडावे लागले. हा विद्यार्थी म्हणजेच पुढे कर्मवीर या नावाने महाराष्ट्रास परिचित झालेले भाऊराव पायगोंडा पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज या गावी झाला. त्यांचे घराणे ऐतवडे बुद्रुक येथील, जैन धर्मीय व शेतकरी. वडील सरकारी नोकरीत असल्याने गावोगावी बदल्या होत. अभ्यासापेक्षा कुस्ती व पोहणे यांकडे भाऊरावांचा ओढा अधिक होता. परंतु अन्याय दिसला की ते स्वस्थ बसत नसत. अस्पृश्यांना पाणी घेऊ न देणाऱ्या एका विहिरीचा रहाट त्यांनी बालपणी मोडून टाकला, अशी हकिकत सांगतात. जैन वसतिगृह सुटल्यावर त्यांना राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय मिळाला. निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहे काढली होती. राहण्याजेवण्याची सोय झाल्यावाचून खेड्यातील मुलगा शिकूच शकत नाही, हे सत्य भाऊरावांनी तेथे डोळ्यांनी पाहिले. मात्र त्यांची स्वतःची शाळा मॅट्रिकपूर्वीच सुटली.

पुढे उदरनिर्वाहासाठी त्यांनी ओगल्यांच्या कारखान्यातील काचमाल आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्याचे काम पत्करले. हा व्यवसाय त्यांच्या भावी कार्याची जणू शाळाच ठरला. नांगराच्या निमित्ताने ते गावोगाव हिंडले, शेतकऱ्याच्या ओसरीवर बसले, त्याच्या घरची भाकरी त्यांनी खाल्ली. ज्याच्या घरी अक्षरओळख नाही तो कर्जाच्या कागदावर डोळे मिटून अंगठा उठवतो, हे त्यांनी पाहिले. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचा संस्कार त्यांच्यावर झालेला होताच. या भ्रमंतीत त्या विचारांना प्रत्यक्ष माणसांचे चेहरे लाभले.

१९१० च्या सुमारास दुधगाव येथे काही सहकाऱ्यांसह त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी एक वसतिगृह काढले होते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या वेळी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. शाहू महाराजांनी जातीजातींची वसतिगृहे काढली होती, कारण त्या काळी प्रत्येक समाजास पहिले पाऊल टाकण्यासाठी तोच मार्ग मोकळा होता. भाऊरावांनी त्यापुढचे पाऊल टाकले. त्यांच्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एकाच छपराखाली राहत, पाळीपाळीने स्वयंपाक करीत आणि एकाच पंक्तीस बसत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव देण्यात आले.

आज ही गोष्ट वाचताना साधी वाटेल. त्या काळी मात्र एका पंक्तीत जेवणे हे शाळेत एका बाकावर बसण्याहून अवघड होते. शाळेचे दार उघडण्यास सरकारी हुकूम पुरेसा होई. चुलीपाशी हुकूम चालत नसे. मुलगा विटाळला म्हणून त्यास परत नेण्यास आलेल्या पालकांची समजूत घालणे, वर्गणी देणाऱ्या गावकऱ्यांचा रोष सोसणे आणि तरीही पंक्ती न मोडणे, हे भाऊरावांचे रोजचे काम होऊन बसले.

या कामी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा वाटा फार मोठा होता. वसतिगृहातील धान्य संपले तेव्हा त्यांनी अंगावरील दागिने दिले व अखेरीस मंगळसूत्रही मोडण्यास दिले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पण त्याहून कठीण गोष्ट त्यांनी आधीच केली होती. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या या बाईंनी आपल्या स्वयंपाकघरात सर्व जातींची मुले घेतली, त्यांना न्हाऊमाखू घातले आणि आजारपणात त्यांची उशी धरून जागरणे केली. १९३० मध्ये त्या निवर्तल्या. वसतिगृहातील मुलांची आई गेली.

भाऊरावांचे कार्य एका वसतिगृहापुरते राहिले असते, तर एक उदार पुरुष म्हणून त्यांची आठवण राहिली असती, इतकेच. परंतु एका मुलास शिकवून त्याच्या गावाचे अज्ञान जात नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्या काळी सातारा जिल्ह्यातील डोंगरी खेड्यांत काय, किंवा पुणे जिल्ह्याच्या मावळात लोणावळ्याजवळील कुसगावासारख्या गावी काय, शेतकऱ्याच्या मुलास प्राथमिक इयत्तांपुढे शिकायचे तर गाव सोडून शहरात जावे लागे, आणि शहरात त्याला अन्न व निवारा नसे. पुणे करारानंतर १९३२ साली भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाउस सुरू केले ते याच गरजेतून. स्पृश्य व अस्पृश्य विद्यार्थी तेथेही एकत्र राहू लागले.

मुलांना शहरात आणणे हा अर्धाच उपाय होता. शाळा खेड्यात जाणे आवश्यक होते. शाळेस शिक्षक हवा आणि खेड्यात टिकणारा शिक्षक खेड्यातलाच हवा. म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यास प्राथमिक शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय निघाले. वसतिगृहात वाढलेली मुले तेथे शिक्षक झाली आणि गावकऱ्यांनी दिलेल्या देवळात, चावडीत किंवा झाडाखाली त्यांनी शाळा भरवल्या. अशा ५७८ व्हॉलंटरी शाळा संस्थेने चालवल्या. त्या शाळांतून वर आलेल्या मुलांसाठी माध्यमिक शाळा हव्या होत्या. १९४० मध्ये साताऱ्यास महाराजा सयाजीराव यांच्या नावाने विनामूल्य निवासी हायस्कूल सुरू झाले. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज व १९५४ मध्ये कराड येथे सद्‌गुरू गाडगे महाराज कॉलेज निघाले. हायस्कुलांना पदवीधर शिक्षक लागणार, म्हणून १९५५ मध्ये आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशनची भर पडली. अशा रीतीने वसतिगृह, शाळा, अध्यापक विद्यालय आणि महाविद्यालय ही एकाच साखळीची कडी बनली. एका कडीत तयार झालेला मुलगा दुसऱ्या कडीस आधार देई. कित्येक जण तर अल्प वेतनावर संस्थेचे आजीव सेवक झाले.

या सर्वांस पैसा कोठून येई? गावोगावी घरटी मूठ मूठ धान्य गोळा केले जाई. वर्गणी व देणग्या मिळत. पण भाऊरावांचा खरा भरवसा विद्यार्थ्यांच्या श्रमांवर होता. ज्यास फी देणे शक्य नाही त्याने शेतात राबावे, दगड फोडावेत, इमारतीच्या भिंती उभ्या कराव्यात आणि त्या कामाच्या मोबदल्यात शिकावे, असा त्यांचा नियम होता. ओसाड माळ खणून मुलांनी बागाईत केली. फुकटचे अन्न खाणाऱ्याची मान खाली झुकते, कमावून खाणाऱ्याची झुकत नाही, हे त्यामागील इंगित होते. पाटलाचा मुलगा आणि अस्पृश्याचा मुलगा एकाच कुदळीने खणू लागले, हा त्याचा आणखी एक लाभ.

संकटे मात्र संपली नव्हती. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावाने एकशेएक हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. त्याच वर्षी, १९४८ मध्ये, सरकारशी बेबनाव होऊन मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले. शेकडो शाळांचे शिक्षक आणि वसतिगृहांतील हजारो मुलांची ताटे एकाच वेळी धोक्यात आली. भाऊराव डगमगले नाहीत. जाडीभरडी खादी, खांद्यावर घोंगडी, छातीवर रुळणारी पांढरी दाढी, अशा वेषात हा साठी ओलांडलेला वृद्ध पुन्हा लोकांच्या दारी गेला. संत गाडगे महाराजांनी त्यांची बाजू घेतली, लोकांनी यथाशक्ति हातभार लावला आणि काही काळाने अनुदान पूर्ववत सुरू झाले. त्या दिवसांत एखादी तरी शाखा बंद करून खर्च वाचवावा, असे व्यवहारी माणसास वाटले असते. नांगर विकणारा हा माणूस व्यवहार जाणत नव्हता असे नाही. परंतु बंद झालेल्या वसतिगृहातील मुलगा पुन्हा गुरांमागे जातो आणि मग तो परत येत नाही, हेही त्यास ठाऊक होते.

भाऊरावांच्या हयातीतच संस्थेच्या ५७८ व्हॉलंटरी शाळांखेरीज ३८ वसतिगृहे, ६ अध्यापक विद्यालये, १०८ हायस्कुले आणि ३ महाविद्यालये उभी राहिली होती. त्यांच्या वसतिगृहातील एक विद्यार्थी, बॅरिस्टर पी. जी. पाटील, पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. संस्थेने वटवृक्ष हे आपले बोधचिन्ह निवडले. वडाच्या पारंब्या जमिनीस टेकून स्वतःच खोडे बनतात, त्यामुळे ते चिन्ह या संस्थेस फार शोभते.

१९५९ साली भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण हा किताब दिला. मॅट्रिकही न झालेल्या या पुरुषास त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने डी. लिट्. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. तेव्हा त्यांची प्रकृती खालावलेली होती. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी साताऱ्यास आहे. त्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडल्या, तेव्हा रयतेच्या वसतिगृहांत नेहमीप्रमाणे नवी मुले आपली वळकटी आणि ताटली घेऊन दाखल झाली.