टिळकांचे गुरू केरूनाना आणि बदललेलं आभाळ

आपल्या रत्नागिरीत टिळक आळीत जन्मलेले लोकमान्य सगळ्यांना माहीत आहेत. पण डेक्कन कॉलेजात त्यांना गणित शिकवणारे केरूनाना छत्रे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहेत?

केरो लक्ष्मण छत्रे यांचा जन्म १८२५ साली अलिबागजवळच्या नागावात झाला. म्हणजे तेही कोकणातलेच! शिक्षण मुंबईत. प्रोफेसर ऑर्लेबार यांना या मुलाची गणिताची आवड दिसली आणि १८४० च्या सुमारास त्याला कुलाब्याच्या वेधशाळेत सहायकाचं काम मिळालं. वय अवघं पंधरा. आपण तेव्हा दहावीत होतो!

वेधशाळेचं काम तसं कंटाळवाणं. ठरल्या वेळी उपकरण बघायचं, आकडा वहीत उतरवायचा. पण एका दिवसाच्या आकड्यातून काही कळत नाही, वर्षानुवर्षांच्या नोंदींतूनच कळतं, हा धडा अशाच कामातून मिळतो.

पुढे पुण्यात प्राध्यापक असताना नानांना दिसलं की पंचांगातलं गणित आणि प्रत्यक्ष आकाश यांचा मेळ बसत नाही. १८६० मध्ये त्यांनी ग्रहगणिताची नवी कोष्टकं मराठीत छापली. १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या मदतीने सुधारलेलं पंचांग काढलं. लोकांनी ते लगेच स्वीकारलं का? मुळीच नाही. जुन्या सवयी सुटतात थोड्याच! पुढे टिळकांनी या सुधारणेचा पाठपुरावा केला आणि कोकणातल्या काही घरांत आजही टिळक पंचांग पाळतात.

सूर्यावरच्या डागांचा हवामानाशी काय संबंध, याचाही नानांनी अभ्यास केला. प्रश्न योग्यच होता. १९७८ पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजत आहेत. डागांच्या अकरा वर्षांच्या चक्रात ती जेमतेम ०.१ टक्क्याने कमीजास्त होते. तापमान मात्र चढतंच आहे. कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड. कारखान्यांच्या युगाआधी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता, आज ४२० च्या वर गेलाय.

या क्षेत्रात नव्याने आलेले तरुण शास्त्रज्ञ आपल्याला हेच सांगू पाहतात. एखाद्या वर्षी थंडी जास्त पडली म्हणून तापमानवाढ खोटी ठरत नाही. आणि २०२१ चा चिपळूणचा पूर हा एकटाच काही पुरावा नव्हे. पण हवा तापली की ती जास्त बाष्प धरते, एका अंशाला साधारण ७ टक्के, आणि मुसळधार पावसाचा जोर वाढतो. उद्या पूल, गटारं, धक्के आपणच बांधणार. ते पन्नास वर्षांपूर्वीच्या पावसाच्या हिशेबाने बांधून कसं चालेल?

नाना १८८४ साली गेले. आभाळ आणि आकडेमोड जुळेना, तेव्हा त्यांनी आभाळाला दोष दिला नाही, आकडेमोड बदलली. आपणही एवढं केलं तरी पुष्कळ झालं.