चाफ्याच्या पाण्याचा राजा

फाल्गुन लागला की बालाघाटाच्या डोंगरात पळस पेटतो आणि गावोगावच्या चुलीवर शेवग्याच्या फुलांची भाजी शिजू लागते. चण्याच्या डाळीत घातलेली ही फुलं जेमतेम पंधरा-वीस दिवसांची पाहुणी. पुढे शेंगा धरल्या की संपलं. फूल हे नुसतं देवाला वाहण्यासाठी किंवा केसात माळण्यासाठी नसतं, ते खाण्यापिण्यातही येतं, ही जाण आपल्याकडे फार जुनी आहे. किती जुनी, हे शोधू गेलं तर वाट कल्याणीच्या एका राजवाड्यात जाऊन पोचते. त्या वाड्याचा धनी होता तिसरा सोमेश्वर.

आज कर्नाटकाच्या बिदर जिल्ह्यात असलेलं बसवकल्याण म्हणजे त्या वेळची कल्याणी. बीडचा मुलूख तेव्हा याच चालुक्यांच्या राज्यात होता. सोमेश्वराचे वडील सहावे विक्रमादित्य मोठे पराक्रमी. 1076 ते 1126 अशी पन्नास वर्षं त्यांनी राज्य केलं. काश्मीरहून आलेला कवी बिल्हण त्यांच्या दरबारी होता आणि मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वरही. (बीडचं जुनं नाव चंपावतीनगर, ते विक्रमादित्याच्या चंपावती नावाच्या बहिणीवरून पडलं असं बीडकर सांगतात. ती दंतकथा आहे. तिला कल्याणीच्या विक्रमादित्याशी जोडण्याचा मोह आवरलेला बरा.)

अशा बापाच्या पोटी जन्मणं सोपं नसतं. सोमेश्वर 1126 मध्ये गादीवर आला आणि बारा वर्षांनी, 1138 मध्ये गेला. त्याला मोठी युद्धं जिंकता आली नाहीत. दक्षिणेत होयसळांचा विष्णुवर्धन डोकं वर काढत होता, ते त्याला पुरतं थोपवता आलं नाही. इतिहासाची पुस्तकं त्याला दोन परिच्छेदांत आटोपतात, हे अन्यायाचंच म्हणायला हवं. कारण या राजाने 1129 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्याचे पाच भाग आणि प्रत्येकात वीस अध्याय. राज्य कसं मिळवावं इथपासून हत्ती, रत्नं, चित्रकला, संगीत, मासेमारी आणि स्वयंपाक इथपर्यंत एका राजाला ठाऊक असावं ते सगळं त्यात आहे.

जेवणाचा अध्याय वाचताना आपल्याच स्वयंपाकघरात शिरल्यासारखं वाटतं. मांडे आहेत, पोळी आहे, वडे आहेत, श्रीखंडाची पूर्वज शिखरिणी आहे. इडलीची पणजी शोभेल अशी इडरिका आहे, फक्त तिच्यात तांदूळ नाही, नुसती उडदाची डाळ. फोडणीला हिंगाचं पाणी आहे. नाक मुरडायला लावणारंही आहे. शेतातले उंदीर कसे शिजवावेत तेही राजा तितक्याच गंभीरपणे सांगतो! पण खरी नजाकत पाण्यात आहे. पाणी कुठलं प्यावं हे ऋतूवर ठरे आणि ते पाटला, चाफा, कमळ अशा फुलांनी सुगंधित केलं जाई. पाटला म्हणजे आपली पाडळ. ती फुलते उन्हाळ्याच्या तोंडावर, नेमकी तहान वाढते तेव्हा. राजाच्या ताटातली निम्मी श्रीमंती या एका पेल्यात होती, असं मला वाटतं.

दुसरं प्रेम घोड्यांचं. चांगला घोडा त्या काळी अरबस्तानातून समुद्रमार्गे येई आणि त्याची किंमत भल्याभल्यांना न परवडणारी असे. ‘मानसोल्लासा’त घोड्यांच्या जाती, चाली आणि लक्षणं येतात, आणि येतो घोड्यावर बसून खेळायचा चेंडूचा खेळ. दोन्ही बाजूंना आठ-आठ स्वार, हातात वाकड्या तोंडाची वेताची काठी, आणि चेंडू समोरच्या तोरणातून पार करायचा. आजच्या पोलोचा हा सख्खा नातेवाईक. पाहायला दरबार जमे आणि राजा स्वतः मैदानात उतरे. रणांगणापेक्षा या मैदानात त्याचा जीव अधिक रमत असावा, असं त्याचं लिहिणं वाचून वाटत राहतं.

याची किंमत राज्याने मोजली. त्याच्यामागे मुलगे गादीवर आले, पण पंचवीस वर्षांच्या आत मंगळवेढ्याच्या कलचुरी बिज्जळाने, म्हणजे घरच्याच मांडलिकाने, कल्याणी बळकावली. वाडा गेला, पागा गेली, मुदपाकखाना गेला. पोथी मात्र हातोहात नकलत राहिली. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादलेला तिचा पहिला खंड 1925 साली छापून निघाला, तर तिसरा यायला 1961 उजाडलं.

त्या पोथीच्या संगीताच्या भागात एक साधीशी नोंद आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, असं राजा सांगतो. त्याच्या मांड्यांचं, वड्यांचं धान्य कुणीतरी कांडलंच होतं. स्वयंपाकाच्या एवढ्या मोठ्या अध्यायात त्या बायका कुठे दिसत नाहीत, पण गाण्याच्या निमित्ताने त्यांचा आवाज त्याच्या कानावर पडला आणि त्याने तो टिपून ठेवला. 1996 मध्ये बीड जिल्ह्यातच, माजलगावच्या भीमनगरात, जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्या बायका राजाच्या नव्हे, बाबासाहेबांच्या ओव्या गात होत्या.